इंजेक्शन सोडण्याआधी एक पायरी खाली उतरून पाहा

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. वय ४३, सुरुवातीचं वजन ९४ किलो. मधुमेह नाही, बीपीची गोळी चालू आहे. वजन उतरवायला आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेतात. पहिला महिना ०.२५ मिलिग्रॅम, दुसरा महिना ०.५ आणि आता १ मिलिग्रॅम. वजन ८८ वर आलंय. पण १ चा डोस सुरू झाल्यापासून दिवसभर मळमळ, मधूनच उलटी, चार-चार दिवस पोट साफ नाही, कुजक्या अंड्यासारखे ढेकर, उठून उभं राहिलं की चक्कर आणि आता कंगव्यात केसांचे पुंजके. सासूबाई म्हणतात, हे विष आधी बंद कर. मैत्रीण म्हणते, इंजेक्शनच्या पेनाची टिकटिक मोजून अर्धंच घे. नवरा म्हणतो, पैसे भरलेत, थोडं सहन कर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचंय. तर सोडू, अर्धं घेऊ की सहन करू?

ताई, तिन्ही नको. पुढचा १ चा डोस घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांना फोन करून ०.५ वर परत यायचं विचारा. ०.५ चं पेन वेगळं मिळतं. माझ्याकडे धुळ्याला येणाऱ्या पेशंटमध्ये जे लोक 'मला हे औषध सोसत नाही' म्हणून सोडतात, त्यातल्या बऱ्याच जणांना औषध सोसत असतं, त्या वेगाने चढवलेला डोस सोसत नसतो. पाकिटावर दर चार आठवड्यांनी डोस वाढवायचा तक्ता असतो आणि लोक तो शाळेच्या वेळापत्रकासारखा पाळतात. तो सर्वांत लवकर कधी वाढवता येईल याचा तक्ता आहे. ०.५ वर भूक आटोक्यात असेल, वजन उतरत असेल, तर तिथे दोन-तीन महिने राहिलं म्हणून काही बिघडत नाही.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण काही त्रास डोस खाली आणून वाट बघण्याचे नसतात. बेंबीच्या वर जोराचं, न थांबणारं दुखणं, ते पाठीत जात असेल, सोबत उलट्या असतील तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे, हे पित्ताशयाचं. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होतात आणि चाळिशीच्या पुढच्या बायकांमध्ये ते आधीच जास्त असतात. पोट टम्म फुगलंय, गॅससुद्धा सरत नाही आणि उलट्या होतायत, तर आतडं अडलेलं असू शकतं. सात-आठ तास लघवीच झाली नाही, किंवा पाण्याचा घोटही टिकत नाही. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं. यातलं काहीही झालं तर पुढचं इंजेक्शन थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, तिथून गरज पडली तर ते जळगावला पाठवतील. 'सकाळी बघू' म्हणत रात्र काढू नका. तुम्ही लिहिलंय त्यात पोटदुखीचा उल्लेख नाही. तरी चक्कर मला खटकते, तिच्याकडे खाली येतो.

मळमळ का होते ते समजलं की अर्धे उपाय आपले आपण सुचतात. हे औषध आतड्यात जेवणानंतर तयार होणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल करतं. मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर काम करतं, आणि मळमळीच्या केंद्रावरही. शिवाय जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतं, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत आणि डोस वाढवल्यावर. दुपारी दोनला जेवलेलं संध्याकाळी सातलाही थोडं पोटात असतं आणि आपण सवयीने त्यावर रात्रीचं जेवण चढवतो. आमच्याकडचे पेशंट नेमकं सांगतात, "डॉक्टरसाहेब, पोटमा गच्च वाटस." हे लक्षण आहे तसंच खरं आहे. पोट खरोखरच गच्च असतं.

तुम्ही एकट्या नाही, हेही सांगतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १९६१ जण होते आणि त्यांचा डोस २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेला होता. त्यात औषध घेणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांना मळमळ झाली, २५ जणांना उलट्या, ३२ जणांना जुलाब, २३ जणांना बद्धकोष्ठ. गंमत म्हणजे नुसतं पाण्याचं, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांतही १७ जणांना मळमळ झाली होती. पोटाच्या त्रासामुळे औषध कायमचं सोडावं लागलेले मात्र शंभरात पाचही नव्हते. टिर्झेपाटाइड म्हणजे माउंजारो हे असंच दुसरं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे. त्याचा डोस २.५ पासून सुरू होतो आणि अडीच-अडीचने वाढतो, पण पायरीवर थांबायचा नियम तोच.

आणि उलटी झाली म्हणजे औषध जोरात लागू पडतंय, असं जिममध्ये सांगितलं जातं, ते डोक्यातून काढून टाका. उलटी न होताही वजन उत्तम उतरतं. उलट्या करणारा माणूस चरबीसोबत पाणी, क्षार आणि स्नायूही गमावतो.

डोस खाली आणला तरी आराम दुसऱ्या दिवशी मिळणार नाही. सेमाग्लुटाइड शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा घेतं. दोन आठवडे धरून चाला. त्या दोन आठवड्यांत काय करायचं, त्यातला निम्मा भाग ताटाचा आहे.

आपलं खानदेशी ताट या औषधाच्या अगदी उलट बाजूला उभं आहे. शेवभाजी घ्या. शेव तळलेली, रश्श्यावर बोटभर तर्री, मसाला काळा आणि झणझणीत. वरण-बट्टी घ्या. बट्टी घट्ट, तळलेली किंवा तुपात बुडवलेली, आणि पंगतीत दोन खाऊन कोण उठतो? भरीतात वांगं बिचारं हलकं असतं, तेल आणि हिरवी मिरची हलकी नसते. तेल-तूप पोटातून सगळ्यात उशिरा पुढे सरकतं. औषधाने आधीच जठर मंद केलंय, त्यावर तर्री पडली की रात्री अकराला ढेकर आणि पहाटे उलटी. माझ्या अनुभवात उलटीच्या निम्म्या तक्रारींची वेळ विचारली तर ती आदल्या रात्रीच्या जेवणापाशी जाऊन पोचते.

म्हणून हे पदार्थ जन्मभर वर्ज्य करा, असं मी म्हणत नाही. इंजेक्शनच्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन दिवस तेवढे सांभाळा. औषधाची रक्तातली पातळी याच दिवसांत सर्वांत वर असते. या तीन दिवसांत मुगाचं वरण आणि मऊ भात, मुगाची खिचडी, दादरची (रब्बी ज्वारीची) पातळ भाकरी ताकात कुस्करून, उकडलेलं अंडं, इडली, अर्धं केळ. चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीला कमी नाही, पण अख्खं केळ एकदम जड वाटलं तर अर्धं आता, अर्धं दोन तासांनी. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती चांगलीच आहे, पण मळमळीच्या दिवशी जड पडते. ती आठवड्याच्या उत्तरार्धात खा. शेवभाजी खायचीच झाली तर इंजेक्शननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, दुपारी, वरची तर्री काढून, एक लहान वाटी.

ताट लहान घ्या. पोट भरल्याच्या पहिल्या इशाऱ्याला थांबायचं, आणि तो इशारा आता चौथ्या-पाचव्या घासालाही येतो. घरातल्या बायकांची इथे एक अडचण असते, ती पुस्तकात लिहिलेली नसते. सगळ्यांना वाढून झाल्यावर रात्री साडेनऊला एकटीने जेवायचं, आणि पातेल्यात उरलेली दोन पळ्या भाजी टाकायची कशी म्हणून संपवायची. हे औषध चालू असेपर्यंत तुम्ही संध्याकाळी सातला, सगळ्यांच्या आधी जेवायचं. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. जेवल्यावर तासभर तरी आडवं पडायचं नाही. पहाटे अनशापोटी कोरा चहा आणि मिश्री किंवा तंबाखू असेल तर आधी ते सोडा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी प्रत्येकीला विचारतो, कारण नुसत्या त्यानेही मळमळ होते आणि बोल इंजेक्शनला लागतो.

आल्याचा तुकडा, लिंबाचं पाणी याने थोडा फरक पडतो, चालेल. उलटीची गोळी गरजेपुरती, डॉक्टरांनी दिलेली आणि थोडे दिवस. ऑन्डान्सेट्रॉन उलटी चांगली थांबवते, पण बद्धकोष्ठ वाढवते, आणि तुमचं पोट आधीच चार दिवस बंद आहे. सकाळी उठून पित्ताची आणि उलटीची एकत्र गोळी रोज घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती या औषधासोबत महिनोन् महिने चालवू नका. रोज गोळी घेतल्याशिवाय जेवण जात नसेल तर डोसच जास्त आहे.

आता बद्धकोष्ठ. मळमळ बहुतेकांची दीड-दोन महिन्यांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र चिवट असतं, आणि लोक लाजून ते सांगत नाहीत. कारणं तीन एकदम जमतात. आतड्याची चाल मंद, खाणं कमी म्हणून चोथा कमी, आणि तहानही मंदावते म्हणून पाणी कमी. यातलं शेवटचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

लगेच इसबगोल आणलं जातं. इसबगोल चांगलं आहे, पण एक मोठा पेला पाण्यात घेऊन वर आणखी एक पेला पाणी प्यायलं तर. पाण्याविना इसबगोल म्हणजे कोरड्या नाल्यात ओतलेला भुसा, होतं ते पाणीही शोषून घेतं आणि जागेवर बसतं. ज्यांना आधीच पोट गच्च वाटतंय, त्यांना मी सुरुवात इसबगोलने करून देत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून रोज रात्री, किंवा लॅक्ट्युलोजचं सिरप. दोन्ही सवय लावत नाहीत, आतड्यात पाणी धरून ठेवतात. मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. लॅक्ट्युलोजने काहींचं पोट फुगतं, त्यांना पावडर बरी. एरंडेल नको, जुलाबाच्या कडक गोळ्या रोज नकोत. रात्री गरम दुधात दोन चमचे तूप हा घरोघरचा उपाय एरवी ठीक असेल, या औषधावर तो मळमळ वाढवतो.

तुमचं चार दिवस झालं नाही म्हणता, तर आजच पावडर सुरू करा आणि वाट बघण्याची हद्द ठेवा. आणखी दोन दिवसांत पोट साफ झालं नाही, तर जाऊन दाखवा. पोट आधी मोकळं झालं की मळमळही थोडी कमी होते, हे तुम्हाला दिसेल. त्यानंतर रोजच्या खाण्यात मेथी, गिलकं, दोडकं, पपई, भिजवलेले मनुके, आणि सकाळी कोमट पाणी पिऊन अर्धा तास चालणं.

आता चक्कर. मला तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीचं हेच वाटतं, आणि तुम्ही ते शेवटी, केसांच्या शेजारी लिहिलंय.

चैत्र-वैशाखात चोपडा, जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घामाने लिटरभर पाणी तसंच जातं. त्यात उलट्या, खाणं निम्मं, तहान कमी. आणि तुम्ही बीपीची गोळी घेता. तिचं पूर्ण नाव बघा. टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, म्हणजे नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असं काही असेल, तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. वजन सहा किलो उतरलं की बीपी आपोआपही थोडं खाली येतं. म्हणजे गोळी तीच, माणूस हलकं झालंय, अंगातलं पाणी कमी झालंय. उभं राहिलं की बीपी पडतं, चक्कर येते, आणि हे लांबलं तर मूत्रपिंडाला इजा होते. या औषधांनी मूत्रपिंड बिघडल्याच्या ज्या केसेस होतात, त्या बऱ्याचशा उलट्या-जुलाबांतून अंग कोरडं पडून झालेल्या असतात.

करायचं काय? उद्या सकाळी जवळच्या दवाखान्यात बीपी पाच मिनिटं पडून राहिल्यावर मोजून घ्या, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडत असेल तर गोळीचा डोस कमी करायला लागेल. उलट्या चालू असतील त्या दिवशी ही गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आजच फोनवर विचारून ठेवा. बहुतेक जण थांबवायला सांगतील, पण बीपीची गोळी मनाने कायमची बंद करू नका. मूत्रपिंड आणि क्षार बघायला क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम या तपासण्या करून घ्या, महाग नाहीत.

पाणी दिवसभरात अडीच लिटर, पण घोटाघोटाने. एका दमात तांब्याभर पाणी ओतलं तर तेच उलटून पडेल. जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर पाणी कमी ठेवा, मधल्या वेळेत जास्त. उलटी झाली तर ओआरएस. लिटरची एक पुडी अख्ख्या लिटरभर पाण्यात, पेल्यात अर्धी पुडी नाही. आणि डब्यातली गोड फळांची पेयं ओआरएस समजून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' शब्द छापायला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे. पातळ ताक उत्तम, मीठ चवीपुरतं. लघवी फिक्या लिंबाच्या रंगाची आहे ना, एवढं रोज बघा. गडद झाली तर पाणी कमी पडतंय.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण हे वाचणारे तेही असतील. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हे इंजेक्शन सुरू केलं आणि जेवण निम्म्यावर आलं, तर साखर खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. त्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस सुरुवातीलाच कमी करावा लागतो, साखर पडल्यावर नाही. नावात 'ग्लिफ्लोझिन' असलेली गोळी उलट्यांच्या आणि निर्जळी उपवासाच्या दिवशी धोक्याची आहे. आणि डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या.

तुमचे ढेकर. जेवण पोटात जास्त वेळ राहिलं की जंतू त्यावर काम करतात आणि गंधकाचा वायू सुटतो. अंडी, कोबी, मुळा, लसूण, कांदा यांनी तो वास वाढतो, असे ढेकर येत असतील त्या दिवशी टाळा. सोडा आणि फसफसणारी पेयं पोट आणखी फुगवतात. डोस खाली आला, पोट साफ झालं की हे जातं. जुलाब झालेच तर दूध दोन दिवस बंद, ताक-भात-केळी आणि ओआरएस. इंजेक्शनच्या जागी लालसर गाठ आली तर पुढच्या वेळी जागा बदला. पोट, मांडी, दंड, आलटून पालटून, दर वेळी नवी सुई.

केसांचं. हे औषधापेक्षा वजन वेगाने उतरल्यामुळे आणि प्रथिनं कमी पडल्यामुळे होतं. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडनंतर गळतात तसेच. सुरुवात दोन-तीन महिन्यांनी होते, चार-सहा महिने चालतं आणि केस परत येतात. टक्कल पडत नाही. तेल-शांपू बदलण्यात पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ बघा, यात काही कमी सापडलं तर ते भरा.

प्रथिनांचं मात्र मनावर घ्या, कारण केस हे दिसणारं नुकसान आहे आणि स्नायू हे न दिसणारं. तुम्हाला रोज साधारण ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात सात, पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. नुसत्या भाकरी-वरणावर हिशोब जमत नाही, आणि भूक निम्मी झाल्यावर तर नाहीच. म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, वड्या किंवा उसळ संपवायची, मग भाकरी. पोट भरलं तर भाकरी राहू दे. मळमळ ओसरली की आठवड्यातून दोन-तीनदा ताकद लावणारा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, लिटरच्या बाटल्या उचलणं. घरात दिवसभर काम असतं, हे मला मान्य आहे, पण त्याने दम लागतो, मांड्या बळकट होतात असं नाही.

आता टिकटिक मोजण्याचं. प्रत्येक पेनाची ताकद वेगळी, आतली रचना वेगळी, आणि मैत्रिणीचं पेन तुमच्या कंपनीचं असेलच असं नाही. मोजणी चुकली तर आज अर्धा आणि पुढच्या वेळी दीडपट डोस जाईल. ०.५ चं पेन मागा. ते मिळेपर्यंत एक आठवडा इंजेक्शन चुकलं तरी आभाळ कोसळत नाही. सेमाग्लुटाइडचा डोस राहून गेला आणि पुढच्या ठरलेल्या वाराला दोन दिवसांहून जास्त वेळ असेल तर आठवल्यावर घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा. दोन डोस एकत्र कधीच नाही. दोन किंवा जास्त आठवडे सलग राहिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या डोसवर उडी नको. एकाच पेनातून घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही, सुई बदलली तरी नाही. रक्तातून पसरणारे आजार पेनात शिरू शकतात.

आपल्या हवेत पेन सांभाळणं हे वेगळंच काम आहे. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रीजरच्या जाळीला चिकटून नाही, गोठलेलं पेन फेकून द्यायचं. उघडलेलं पेन बाहेर काही आठवडे चालतं असं लिहिलेलं असतं, पण ती खोली ३० अंशांखालची, आणि मे महिन्यात चोपड्यात तशी खोली कुठून आणायची? उघडलेलंही फ्रिजमध्येच ठेवा. माहेरी नेताना थर्मासच्या डब्यात बर्फाची थैली टॉवेलात गुंडाळून, पेन बर्फाला थेट न लागता. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बसच्या वरच्या फळीवर नाही. दार न उघडता दोन-तीन तास लाइट गेली तर फ्रिज सांभाळतो. ओळखीतून, बिलाशिवाय, स्वस्तात मिळणारं पेन घेऊ नका. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या जूनमध्ये जगभर इशारा दिला होता. आणि खरं असलं तरी ते पार्सलच्या डिकीत किती तास तापलंय, कुणाला माहीत?

कधी शस्त्रक्रिया ठरली, अगदी दाताची भूल देऊन करायची असली, तरी भूल देणाऱ्यांना हे इंजेक्शन सांगा, पोट रिकामं नसण्याचा धोका असतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद करावं लागतं. आणि घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाहीच.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांची काळजी खोटी नाही, त्या तुम्हाला उलट्या करताना बघतायत. त्यांना सांगा की एकदम सोडलं तर भूक परत येते. चाचणीत औषध थांबवलेल्यांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. म्हणून डोस कमी करतोय, बंद करत नाही. ०.५ वरही त्रास थांबला नाही, तर तेव्हा औषध बदलणं किंवा थांबवणं हा विचार करू, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळ्यांना सगळं औषध मानवत नाही.

आखाजीला जा. इंजेक्शनचा वार सणाच्या आदल्या दिवशी येत असेल तर तो बदलता येतो, दोन डोसांमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर राहिलं पाहिजे एवढंच. सणानंतरच्या दिवशी ठेवा. खापराचा मांडा (मोठी पुरणपोळी) पाव घ्या, तुपाची धार नको, आमरस लहान वाटी, आणि दोन्ही दुपारी, रात्री नाही. आईचा आग्रह चुकवता येत नाही हे मला माहीत आहे. ताटात आधीच वरण आणि भाजी वाढून घ्या म्हणजे जागा दिसणार नाही. वैशाखातली एकादशी धरत असाल तर साबुदाणा आणि तळलेले पापड नको, ताक, फळं, शेंगदाणे, भगर चालेल, पण पाण्यावाचूनचा उपवास या उन्हात आणि या औषधावर करू नका.

पुढचे चार आठवडे ०.५ वर राहा. रोज एका वहीत तीन गोष्टी लिहा, मळमळ किती, पोट साफ झालं का, बीपी किती. वजन आठवड्यातून एकदाच करा. चार आठवड्यांनी मळमळ गेलेली असेल आणि वजन उतरत असेल तर डोस वाढवायची गरजच आहे का, हे डॉक्टरांना विचारा. वाढवायचा ठरला तर सणवार, लग्न, प्रवास नसलेला आठवडा निवडा, आणि शक्यतो पाऊस पडून हवा उतरल्यावर. क्रिएटिनिनचा रिपोर्ट मात्र याच आठवड्यात करा, आणि तो आल्यावर बीपीच्या गोळीचं काय ते त्यांच्याकडून लिहून घ्या.